मंजूर जहाज की निर्बंधांतलं जहाज? ‘सँक्शन’ या शब्दाचं एक प्रकरण

अनोळखी इंग्रजी शब्द वाचताना आपण थांबतो, कोश उघडतो, कुणाला तरी विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी मात्र थांबत नाही, आणि त्याला दुसरा अर्थ असेल तर नेमकी तिथेच गफलत होते. हे प्रकरण अशाच एका शब्दाचं आहे. ओळख पटू नये म्हणून कंपनी, जहाज, देश आणि व्यक्तींचे तपशील गाळले आहेत. वाक्यांचा साचा मूळचाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी वाणिज्य शाखेची पदवीधर, शालेय शिक्षण मराठी माध्यमातून. निर्यातीची कागदपत्रं तयार करणाऱ्या विभागात नव्याने लागलेली. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग या कागदांतलं ठरावीक इंग्रजी तिला चांगलं येत होतं. परदेशातून येणाऱ्या ईमेल वाचून त्यांचा गोषवारा रजिस्टरमध्ये लिहिणं आणि उत्तराचा मसुदा तयार करणं हे तिचं काम. कार्यालयाबाहेर ती एका शिक्षिकेकडे इंग्रजी सुधारण्यासाठी जात होती.

शब्दसंग्रहासाठी तिच्याकडे एक वही होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, प्रत्येक शब्दाला एकच ओळ. वही नीटनेटकी होती आणि पाठांतरही चोख. ‘सँक्शन’पुढे लिहिलं होतं ‘मंजुरी’. तो अर्थ तिने कोशातून घेतलेलाही नव्हता. कर्ज सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली, असं घरीदारी मराठीतच बोललं जातं. त्यामुळे तिच्या लेखी हा जवळजवळ मराठी शब्दच होता.

अडचण

खरेदीदाराच्या बँकेकडून दोन वाक्यांची ईमेल आली: ‘प्लीज बी ॲडव्हाइज्ड दॅट द व्हेसल अँड इट्स ओनर आर सँक्शन्ड. काइंडली अरेंज ॲन ऑल्टर्नेटिव्ह.’

बँकेचं म्हणणं असं होतं की या जहाजावर आणि त्याच्या मालकावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, तेव्हा दुसरं जहाज बघा. विद्यार्थिनीने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘जहाज व मालक बँकेकडून मंजूर. पर्यायी जहाजाचीही सोय ठेवावी.’ मग त्याच जहाजावर माल चढवण्याचं कळवणारा मसुदा तयार करून तिने वरिष्ठांकडे पाठवला. वरिष्ठ सहकारी बाईंनी तो वाचून मूळ ईमेल मागवली आणि म्हणाल्या, “अगं, या जहाजाला हात लावायचा नाही असं सांगतायत ते!” मसुदा गेला नाही, नुकसान झालं नाही. गेला असता तर पैसे अडकले असते, शिवाय निर्बंध मोडल्याचा ठपकाही येऊ शकला असता.

तिचं दुसऱ्या वाक्याशी काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. ‘पर्यायाची सोय करा’ हे वाक्य मंजुरीशी जुळत नव्हतं. तिलाही ते खटकलं होतं. पण आधी ठरवलेला अर्थ सोडण्याऐवजी तिने दुसरं वाक्य वाकवलं आणि ‘पर्यायी जहाजाचीही’ असा ‘ही’ पदरचा घातला. पहिल्या शब्दावर पूर्ण भरवसा असला की उरलेला मजकूर त्याला जुळवून घेतला जातो. वाचनातल्या चुकांमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो.

तिने कोश पाहिलाच नव्हता असंही नाही. मोबाइलवरच्या इंग्रजी-मराठी कोशात पहिला अर्थ ‘मंजुरी, मान्यता’ आणि त्याखाली ‘दंड, निर्बंध’ असा होता. पहिल्या ओळीने तिच्या मनातलंच सांगितलं, त्यामुळे ती तिथेच थांबली.

दुसरा अर्थ तिला परका होता म्हणावं तर तेही नाही. अमुक देशावर आर्थिक निर्बंध लादले, तमुक निर्बंध उठवले, अशा बातम्या ती मराठी वर्तमानपत्रांत वाचत आली होती. संकल्पना पक्की होती. ती ‘सँक्शन’ या शब्दाला कधी जोडली गेली नव्हती, एवढंच.

विचारात घेतलेले पर्याय

शिक्षिकेपुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट सर्वांत सोपी: वहीतल्या त्याच ओळीत ‘मंजुरी / निर्बंध’ असे दोन्ही अर्थ लिहून पाठ करणं. ती लगेच बाजूला ठेवली, आणि ते बरोबरच होतं. दोन परस्परविरुद्ध अर्थ शेजारीशेजारी पाठ केल्याने, समोरच्या वाक्यात कोणता घ्यायचा हे कळत नाही. उलट आधी ठाम असलेला वाचक आता प्रत्येक वेळी अडखळतो.

दुसरी वाट व्युत्पत्तीची. लॅटिन ‘सँकिरे’ म्हणजे एखादी गोष्ट पवित्र किंवा अलंघ्य ठरवणं, तिच्यावर कायद्याची मोहोर उमटवणं. ‘सेंट’ आणि ‘सँक्च्युअरी’ हे शब्द याच कुळातले. इंग्रजीत ‘सँक्शन’चा सुरुवातीचा अर्थ धार्मिक किंवा राजकीय फर्मान असा होता. ऑस्ट्रियाचा शासक आणि पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 मध्ये मुलीलाही राज्याचा वारसा मिळावा म्हणून काढलेलं ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ हे त्या अर्थाचं प्रसिद्ध उदाहरण. फर्मानाला दोन बाजू असतात. त्याने जे मान्य केलं ते मंजूर, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा. एका शब्दातून दोन उलट अर्थ निघाले ते असे. पुढे 1935 मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केलं तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) इटलीवर आर्थिक निर्बंध लादले, आणि देशांवरच्या निर्बंधांचा अर्थ जगभरच्या बातम्यांत रुळला. या माहितीने शब्द लक्षात राहतो, त्याच्याविषयी आस्थाही वाटते. पण वाक्य समोर आलं की निवाडा करायला ती पुरत नाही, म्हणून शिक्षिकेने ती सांगितली आणि पुढे गेल्या.

तिसरी वाट म्हणजे पुष्कळ खरी वाक्यं गोळा करून त्यांची छाननी करणं. भाषेचे मोठे संचय यासाठी खुले आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्दांचा मजकूर आहे, समकालीन अमेरिकी इंग्रजीच्या कोका या संचयात 100 कोटींहून अधिक. शब्द टाकला की तो मधोमध ठेवून आजूबाजूच्या मजकुरासह ओळीच्या ओळी दिसतात.

चौथी वाट होती शब्द टाळण्याची: लिहिताना मंजुरीसाठी ‘अप्रूव्ह’ आणि शिक्षेसाठी ‘पीनलाइज’ वापरायचं. वाचनात तिचा काही उपयोग नाही, कारण समोरचा कोणता शब्द वापरेल ते आपल्या हातात नसतं. लिहिण्यासाठी मात्र ती उत्तम आहे.

तिसरी वाट वाचनासाठी आणि चौथी लेखनासाठी निवडली. हा निर्णय या प्रकरणात कळीचा ठरला. शब्द ओळखता येणं आणि शब्द वापरता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही एकाच सरावातून साधायची म्हटली की दोन्ही अर्धवट राहतात.

काय केलं

पहिल्या बैठकीत शिक्षिकेने इंग्रजी बाजूला ठेवून एक मराठी शब्द पुढे केला: परवा. ‘परवा आला होता’ आणि ‘परवा येईल’ यांत तो दोन विरुद्ध दिशा दाखवतो, तरी आपण कधी गोंधळत नाही, कारण दिशा क्रियापद सांगतं. ‘सँक्शन’च्या बाबतीत ते सांगणारा शेजारी कोण, हे शोधायचं होतं.

मग 40 वाक्यं घेतली: निम्मी संचयातून, निम्मी बातम्या आणि व्यापारी पत्रव्यवहारातून. ती कागदावर छापून पट्ट्या कापल्या आणि विद्यार्थिनीने त्यांचे तीन गठ्ठे केले: मंजुरी, निर्बंध किंवा शिक्षा, आणि सांगता येत नाही. तिसरा गठ्ठा ठेवणं महत्त्वाचं होतं. तो नसला की विद्यार्थी अंदाजाने ठोकून देतो आणि नेमकं कुठे अडलं ते कुणालाच कळत नाही. प्रत्येक पट्टीवर तिला चार गोष्टी लिहायच्या होत्या: शब्द नाम आहे की क्रियापद, एकवचनी की अनेकवचनी, त्याच्या आधी कोणता शब्द आला, आणि क्रियापद असेल तर ते कुणावर किंवा कशावर चालतंय.

नामांचा उलगडा लवकर झाला. ‘इम्पोज’, ‘लिफ्ट’, ‘ईज’, ‘टायटन’, ‘इव्हेड’ यांच्यासोबत शब्द जवळजवळ नेहमी ‘सँक्शन्स’ असा अनेकवचनी येतो आणि अर्थ निर्बंध. इथे तिला वर्तमानपत्रांतलं मराठी उपयोगी पडलं: निर्बंध लादतात, उठवतात, शिथिल करतात, कडक करतात, चुकवतात. मराठी आणि इंग्रजी क्रियापदं जोडीने बसली. उलट ‘विदाउट ऑफिशियल सँक्शन’, ‘विथ द सँक्शन ऑफ द बोर्ड’ यांत तो एकवचनी, न मोजता येणाऱ्या नामासारखा येतो आणि अर्थ मंजुरी. एकवचनी असून आधी ‘अ’ लागला, म्हणजे ‘अ सँक्शन’ असं आलं, तर बहुधा एखादी शिक्षा किंवा कारवाई.

क्रियापदाला वेळ लागला, कारण ‘बाय’ काहीच सांगत नाही. ‘सँक्शन्ड बाय द कोर्ट’ मंजुरीही असू शकते आणि शिक्षाही. पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिल्यावर विद्यार्थिनीने स्वतःच भेद पकडला: “मॅडम, खर्च सँक्शन झाला की मंजूर, आणि वकील सँक्शन झाला की शिक्षा!” हे निरीक्षण सोन्यासारखं आहे. क्रियापद कृतीवर चाललं (खर्च, योजना, मोर्चा, संप, स्पर्धा) तर मंजुरी. कर्त्यावर चाललं (माणूस, कंपनी, देश, जहाज) तर शिक्षा किंवा निर्बंध. खेळाच्या बातम्यांत हा भेद लख्ख दिसतो. ‘सँक्शन्ड टूर्नामेंट’ म्हणजे संघटनेने मान्यता दिलेली स्पर्धा, आणि ‘सँक्शन्ड प्लेअर’ म्हणजे संघटनेने कारवाई केलेला खेळाडू. संघटना तीच आणि क्रियापदही तेच.

बातम्यांच्या मथळ्यांसाठी वेगळी पट्टी केली. मथळ्यातलं ‘सँक्शन्स’ दरवेळी अनेकवचनी नाम नसतं. ‘मिनिस्ट्री सँक्शन्स फंड्स’ आणि ‘मिनिस्ट्री सँक्शन्स फर्म’ या दोन्हींत ते क्रियापद आहे. पहिल्यात निधी मंजूर झाला, दुसऱ्यात कंपनीवर कारवाई झाली. आधी क्रियापद ओळखायचं, मग त्याचं कर्म पाहायचं, हा क्रम तिने इथे पक्का केला.

दुसऱ्या बैठकीत शिक्षिकेने मुद्दाम नियम मोडणारी वाक्यं आणली. ‘सँक्शन्ड ऑइल’, ‘सँक्शन्ड गुड्स’. तेल आणि माल कर्ते नाहीत, म्हणून विद्यार्थिनीने ते मंजुरीच्या गठ्ठ्यात टाकले, आणि चुकलं. देशावरचे निर्बंध त्याच्या मालालाही चिकटतात. सँक्शन्ड ऑइल म्हणजे निर्बंधांखालचं तेल. तिच्या कामात हाच अपवाद सर्वांत जास्त येणार होता, त्यामुळे तो वेळीच सापडला हे फार बरं झालं. त्यातून विचारायचा आणखी एक प्रश्न तयार झाला: शब्द मालाला लागला असेल तर विषय आंतरराष्ट्रीय व्यापाराचा आहे का? असेल तर निर्बंध धरून चालायचं आणि विचारून खात्री करायची.

दुसरा अपवाद उलट बाजूचा. भारतीय बँकांच्या अहवालांत ‘सँक्शन्स अँड डिस्बर्समेंट्स’ अशी जोडी येते. तिथे अनेकवचन असूनही अर्थ मंजूर केलेली कर्जं, आणि पुढचा शब्द म्हणजे त्यांतलं प्रत्यक्ष वाटप. सरकारी कागदांतलं ‘सँक्शन्ड स्ट्रेंग्थ’ म्हणजे मंजूर पदसंख्या. हे वापर चुकीचे नाहीत. मात्र आपल्याकडच्या कार्यालयीन इंग्रजीत ते इतके भरपूर आहेत की आपल्या वाचकाच्या कानाला मंजुरीचाच अर्थ पहिला वाटतो. परदेशी वाचकाचं बरोबर उलट होतं. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशांतही या नामाखाली निर्बंधांचा अर्थ बरेचदा आधी दिलेला असतो.

नकारार्थी आणि साधित रूपांकडे थोडक्यात पाहिलं. ‘अनसँक्शन्ड’ म्हणजे विनापरवानगी, निर्बंध नसलेला असा त्याचा अर्थ नेहमीच्या वापरात होत नाही. ‘सँक्शनेबल’ कायद्याच्या मजकुरात आलं तर कारवाईस पात्र. ‘स्टेट-सँक्शन्ड’ म्हणजे राज्यसंस्थेची मान्यता असलेलं. कायद्याच्या तत्त्वज्ञानात नियमाला बळ देणारी गोष्ट असा आणखी एक अर्थ आहे. तो तिला सांगितला, पण सरावात घेतला नाही.

सरावासाठी कार्डं केली, आणि कार्डावर सुटा शब्द कुठेच लिहिला नाही. पुढे पूर्ण वाक्य, मागे अर्थ आणि तो कोणत्या शेजारी शब्दावरून ठरला ते. अर्थ बरोबर पण कारण चूक असेल तर कार्ड चुकलं असंच धरायचं. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

लेखनाचा सराव वेगळा ठेवला. तिने तयार केलेल्या एका मसुद्यात वाक्य होतं, ‘अवर कंपनी वॉज सँक्शन्ड अ लोन लास्ट मंथ.’ आपल्या कार्यालयांत हे रोजचं इंग्रजी आहे, पण परदेशी बँकेतला वाचक ‘अवर कंपनी वॉज सँक्शन्ड’ इथपर्यंत येऊनच दचकेल, आणि त्याच्या तपासणीच्या यंत्रणेला तेवढं पुरेसं असतं. म्हणून ठरलं की परदेशी पत्रव्यवहारात मंजुरीसाठी कायम ‘अप्रूव्ह्ड’, आणि कर्जाबद्दल सांगायचं तर ‘द बँक अप्रूव्ह्ड अवर लोन’. ‘सँक्शन्स’ हा शब्द फक्त निर्बंधांसाठी, तोही समोरच्याने आधी वापरला असेल तरच.

निष्पत्ती

महिनाभराने तिला 20 नवी वाक्यं दिली. 17 तिने कारणासह बरोबर लावली. दोन तिने ‘सांगता येत नाही’मध्ये ठेवली आणि तेच योग्य होतं. त्यातलं एक होतं ‘द कमिटी हॅज द पॉवर टू सँक्शन’, ज्यात कर्मच नाही आणि पुढच्या-मागच्या मजकुराशिवाय कुणालाही अर्थ ठरवता येणार नाही. दुसरं ‘सँक्शन्ड एजंट्स’चं. एजंट हा कर्ता असला तरी अधिकृतपणे नेमलेला प्रतिनिधी असाही अर्थ संभवतो. एक वाक्य चुकलं, ते जुन्या राजनैतिक भाषेतलं होतं आणि तिच्या कामाशी संबंधित नव्हतं.

कार्यालयात रजिस्टरच्या पद्धतीतही बदल झाला. जहाज, बँक किंवा कंपनीच्या नावाला ‘सँक्शन्ड’ लागलेली कोणतीही ईमेल आता गोषवारा न करता मूळ वाक्यासह वरिष्ठांकडे जाते.

तिच्या वहीची रचना बदलली, आणि या खटाटोपातलं सर्वांत टिकाऊ फळ बहुधा तेच. आता प्रत्येक शब्दाला अर्धं पान आहे, आणि त्यात आधी वाक्य, मग अर्थ. त्या रचनेमुळे तिने पुढे ‘ओव्हरसाइट’ हा शब्द स्वतःच पकडला: ‘ॲन ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूक, आणि ‘ओव्हरसाइट ऑफ द प्रोजेक्ट’ म्हणजे देखरेख. इथेही मोजता येणारं आणि न मोजता येणारं नाम हाच पहिला दुवा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

40 वाक्यं पहिल्याच दिवशी मिसळून दिली, ती घाई झाली. मंजुरीचा अर्थ तिच्या मनात मुरलेला होता, निर्बंधांचा नवा होता. आधी फक्त निर्बंधांची पंधरा-वीस वाक्यं देऊन तो अर्थ रुजवायला हवा होता आणि मिश्र गठ्ठा दोन-तीन दिवसांनी. पहिल्या आठवड्यात तिने मंजुरीची सरळ वाक्यंही निर्बंधांत ढकलली, त्याचं कारण हेच. विरुद्ध अर्थ एकाच वेळी शिकवले की ते एकमेकांत गुंततात. इथे एक अर्थ जुना आणि भक्कम होता म्हणून गुंता लवकर सुटला. दोन्ही नवे असते तर महिना पुरला नसता.

नाम आणि क्रियापद यांच्याही वेगळ्या बैठका हव्या होत्या. दोघांच्या खुणा वेगळ्या आहेत. नामाला वचन पाहायचं, क्रियापदाला कर्म. एकत्र दिल्याने ती काही काळ क्रियापदातही ‘एस’ शोधत राहिली आणि ‘ही सँक्शन्स द प्लॅन’ या वाक्यात निर्बंध वाचून बसली.

व्युत्पत्ती उशिरा सांगितली असती तर अधिक उपयोगी पडली असती. सुरुवातीला ती केवळ माहिती म्हणून ऐकली गेली. गठ्ठे लावून झाल्यावर, दोन अर्थ एका शब्दात आले कुठून हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आपसूक उठतो, आणि उत्तराची खरी जागा ती आहे.

अजून एक गोष्ट राहून गेली. दुसरं वाक्य खटकलं होतं तेव्हा काय करायचं, याचा सराव दिलाच नाही. त्यासाठी दोन वाक्यांच्या जोड्या हव्या होत्या, ज्यांत पहिल्या वाक्याचा सवयीने लावलेला अर्थ दुसऱ्याशी भांडतो, आणि विद्यार्थ्याने दुसरं वाक्य न वाकवता पहिल्याकडे परत जायचं. अशा जोड्या ‘सँक्शन’पुरत्याच करायची गरज नाही. ‘टेबल्ड द प्रपोजल’ घ्या: ब्रिटिश वापरात प्रस्ताव चर्चेला मांडला, अमेरिकी वापरात तो बाजूला ठेवला. पुढे ‘मेंबर्स डिबेट इट टुडे’ असं वाक्य जोडलं की लिहिणारा कोणत्या बाजूचा आहे ते उघड होतं. अशा दहा जोड्यांचा सराव तिच्या पुढच्या सत्रासाठी आता तयार ठेवला आहे.